धर्म-अभ्यासाच्या परिषदेत पहिलाच पेपर, तोही आमच्याच देवावर. काय करू?

माणदेशी_पोरगी

नमस्कार मंडळी. थोडं लांबतंय पण शेवटपर्यंत वाचा, खरंच अडलंय माझं. मी साताऱ्यात एका कॉलेजात इतिहास शिकवते, सीएचबीवर, म्हणजे तासावर पैसे आणि ते कधी जमा होणार ते शंभूमहादेवालाच ठाऊक. पुढच्या महिन्यात साताऱ्यातच दोन दिवसांची विभागीय परिषद आहे, विषय धर्म-अभ्यास आणि ईश्वरशास्त्र, सातारा सांगली कोल्हापूर सोलापूरकडचे प्राध्यापक आणि पीएचडीवाले येणार. आमच्या विभागातल्या मॅडम म्हणाल्या पाठव गं काहीतरी, म्हणून एका रात्रीत अडीचशे शब्दांचा गोषवारा लिहून पाठवला, मला वाटलं उत्तरसुद्धा येणार नाही, तर चक्क घेतलाय आणि आता पंधरा मिनिटं उभं राहून बोलायचंय.

विषय दिलाय शिखर शिंगणापूरची कावड. माझं गाव माण तालुक्यातलंच. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, चैत्रात अष्टमीला शंभूमहादेव-पार्वतीचं लग्न लागतं, मोठ्या देवळाच्या कळसापासून बळीच्या देवळाच्या कळसापर्यंत लांबच लांब ध्वज बांधतात, आणि मग द्वादशीला कावडी मुंगी घाटातून वर चढतात. घाट म्हणजे गाडीरस्ता समजू नका, उभा डोंगर आहे, माणसांची साखळी करायची, एकमेकांचे हात धरायचे आणि ती एवढी थोरली कावड पाण्यासकट वर न्यायची, सासवडहून येणारी तेल्या भुत्याची कावड तर सगळ्यांत मानाची. आणि चढताना सगळे देवाला अरे-तुरे करतात, धाव रे म्हाद्या म्हणून बोंब ठोकतात. माझे आजोबा कितीतरी वर्षं त्या साखळीत होते, एकदा खांदा निखळला तरी पुढच्या चैत्रात गेलेच.

तर अडचण अशी की घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, देवावर पेपर वाचायचा म्हंजे देवाची परीक्षा घ्यायची काय गं? मी हसण्यावारी नेलं पण रात्रभर तेच डोक्यात, कारण मी स्वतः मानते देवाला. मग तिथं उभी राहून "सदर विधीचे सामाजिक कार्य" असलं बोलू का मला जे वाटतं ते बोलू? आणि हे ईश्वरशास्त्र म्हणजे नक्की काय, स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले ते ख्रिश्चन लोकांचं असतं, तुझा काय संबंध. त्यात फी बाराशे. भरू का? कुणी गेलंय का असल्या परिषदेला?

चहा_बिस्कीट

ताई मी गेलोय, एकदा नाही पाच वेळा, त्यामुळे आधीच सांगतो काय होतं ते. साडेनऊला नोंदणी म्हणतात, साडेदहाला पिशवी-पेन-पॅड मिळतं, अकराला पाहुणे येतात. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय (हा भाषणापेक्षा लांब), उद्घाटन, अध्यक्षीय, आभार. दीड वाजला. जेवण. जेवण मात्र चांगलं असतं, मी खोटं बोलणार नाही. मग उरलेल्या वेळात चाळीस पेपर बसवायचे, म्हणून तुमची पंधरा मिनिटं सहा होतात आणि समोर बसलेल्यांपैकी अर्धे सर्टिफिकेट कधी मिळतंय ते बघत असतात. एका परिषदेत तर मी पेपर वाचत असताना मागं खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती, मंडपवाल्याला दुसरीकडं लग्न होतं.

आणि ते नंतर पुस्तक काढणार, आयएसबीएन नंबरचं, त्याचे वेगळे पैसे मागतील, ते देऊ नका. त्या पुस्तकात पेपर छापून आला की तो कुणी वाचत नाही, लिहिणारा पण नाही. पूर्वी यूजीसी केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्य केलेल्या जर्नलांची, यादी तरी दाखवता यायची, तीही २०२५ मध्ये बंद झाली, आता कुठलं जर्नल बरं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. बाराशे भरायचे तर एवढंच समजून भरा की दोन दिवस चार नवीन माणसं भेटतील.

वाईकर_निवृत्त

चहा_बिस्कीट यांचं चूक नाही, पण असल्या खुर्च्या उचलणाऱ्या सभांमधूनच माझे आयुष्यभराचे दोन मित्र मिळाले, म्हणून मी एवढा कडू होणार नाही. मी वाईचा, संस्कृत शिकवत होतो, आता नातवंडं आणि बाग.

पहिल्यांदा शब्दाचा गोंधळ काढू. आपल्याकडे धर्मशास्त्र म्हटलं की मनु, याज्ञवल्क्य, मिताक्षरा, म्हणजे आचार, व्यवहार, प्रायश्चित्त, थोडक्यात वागायचं कसं आणि भांडण लागलं तर निवाडा कसा करायचा. पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं खर्चून त्याचा इतिहास पाच खंडांत लिहिला, १९६३ ला भारतरत्न मिळालं. आमच्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून धर्मकोश निघाला तोही या वाटेवरचा. ईश्वरशास्त्र ते नव्हे. तिथं देव आहे असं धरून चालतात आणि मग तो कसा आहे, जगाशी त्याचं नातं काय, माणसाची सुटका कशी, याचा आतून, श्रद्धेच्या बाजूनं, पण तर्काला धरून विचार करतात. नाव परकं वाटतं, काम परकं नाही. शंकराचार्य आणि रामानुज ब्रह्मसूत्रांवर भाष्य लिहून भांडले ते काय होतं दुसरं? महानुभावांनी तर जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर असे चार पदार्थ वेगळे मांडून मराठीतच सगळी व्यवस्था लावली, तीही तेराव्या शतकात.

धर्म-अभ्यास वेगळा. तो म्हणतो देव आहे की नाही हे तूर्त बाजूला, माणसं काय करतात, काय म्हणतात, कधीपासून, कुणाला मान आहे आणि कुणाला नाही, ते बघू. तुमचा पेपर या घरचा आहे. पण परिषदेच्या नावात दोन्ही आहेत, तेव्हा कुणीतरी श्रद्धेचा प्रश्न विचारणारच, तयारी ठेवा.

आता वडिलांचा प्रश्न. तो फार जुना आहे आणि आपल्या भागात त्याचं उत्तर माणसांनी जगून दिलंय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी बघा. वाईच्या पाठशाळेत जुन्या पद्धतीनं न्याय, वेदान्त शिकलेला पंडित, अस्पृश्यतेच्या प्रश्नावर शास्त्राधार शोधताना गांधीजी ज्यांचा सल्ला घेत, १९३३ मध्ये देवदास गांधी आणि लक्ष्मी राजगोपालाचारी यांचं आंतरजातीय लग्न ज्यांनी लावलं, आणि तेच पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या देव न मानणाऱ्या, नवमानवतावादी विचाराकडे गेले, तरी धर्मकोशाचं संपादन सोडलं नाही. त्यांच्या वैदिक संस्कृतीवरच्या ग्रंथाला १९५५ मध्ये मराठीतला पहिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे श्रद्धा राहिली काय, गेली काय, अभ्यास चालू राहतो. तुम्ही मानता हे लपवू नका आणि त्याच्या आड लपूही नका. पहिल्याच मिनिटात सांगून टाका, माझे आजोबा या साखळीत होते. ऐकणाऱ्याला कळतं बोलणारी कुठं उभी आहे ते.

माळकरी

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. देव हा अनुभवायचा विषय आहे, पीपीटीचा नाही. एसी हॉलमध्ये बसून कावडीची चिरफाड करायची आणि सर्टिफिकेट घ्यायचं, याला अभ्यास म्हणत असाल तर म्हणा. आमच्या फडावर पण एक संशोधक आलेला, त्याला विचारलं माळ का नाही घातली तर म्हणे मी निरीक्षक आहे. चार दिवस चालला, पाचव्या दिवशी गाडीत बसला.

वाईकर_निवृत्त

माळकरी महाराज, राग कसला. पण एक विचारतो, तुमच्या फडावर कीर्तनकार एक अभंग घेऊन दोन तास उभा राहतो, एका चरणाचे चार अर्थ सांगतो, पूर्वपक्ष करतो, खोडतो, ओवीचं प्रमाण देतो, ते काय असतं? ती चिरफाड नाही आणि पोरीनं केली की चिरफाड? गाडीत बसलेल्या माणसाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, पाचवा दिवस चालायला हवा होता.

माळकरी

कीर्तनाला शेवटी टाळी लागते, गजर होतो. तुमच्याकडं काय होतं, प्रश्नोत्तरं. असो. पोरीनं कावड बघितलीय, तिनं बोलावं. माझा राग त्या गाडीवाल्यावर आहे.

पीपीटीवाला_केओपी

ताई मी कोल्हापुरात पीएचडी करतोय, कामाचं तेवढं सांगतो.

फॉन्ट. फॉन्ट. फॉन्ट. तुमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवर श्रीलिपीत टाईप केलेलं तिकडच्या लॅपटॉपवर उघडलं की नुसते इंग्रजी अक्षरांचे किडे दिसतात, माझ्याबरोबर झालंय, दहा मिनिटं मी आणि शिपाईमामा स्क्रीनकडं बघत उभे. युनिकोडमध्ये टाईप करा आणि वर पीडीएफ करून घ्या, पेनड्राईव्हवर एक, मेलवर एक.

कागद वाचत बसू नका पण कागद हातात ठेवा. पंधरा मिनिटं म्हणतात तेव्हा अकराची तयारी करायची, कारण बाराव्या मिनिटाला घंटा वाजते आणि घंटा वाजली की माणूस जो घाईघाईनं निष्कर्ष वाचायला लागतो तो कुणालाच कळत नाही. म्हणून निष्कर्ष आधीच सांगून टाकायचा. मी हे दुसऱ्या परिषदेत शिकलो, पहिल्या परिषदेत मी नुसती प्रस्तावना वाचून खाली बसलो होतो.

पंधरा मिनिटांत सगळी यात्रा मावणार नाही हे पण ध्यानात घ्या. लग्न, ध्वज, घाट, भोसल्यांचं कुलदैवत, मालोजीराजांनी बांधलेलं तळं, सगळं सांगायला गेलात तर गाईडबुक होईल. रा. चिं. ढेरे यांचं शिंगणापूरवर अख्खं पुस्तक आहे, ते वाचल्याशिवाय जाऊ नका, कारण हॉलमधे एकजण तरी "ढेऱ्यांनी हे आधीच म्हटलंय" असं म्हणायला बसलेलाच असतो. मग तुमचं नवीन काय? मला विचाराल तर तुमच्या पोस्टमधली एकच ओळ घ्या, देवाला अरे-तुरे करतात ती. घाटात चढताना काय काय म्हणतात, कोण म्हणतं, घाट संपल्यावर तेच लोक देवळात काय म्हणतात, भाषा बदलते का. एवढंच. हे तुम्ही कानानं ऐकलंय, बाकीच्यांनी वाचलंय.

माणदेशी_पोरगी

बापरे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरंय, घाटात म्हाद्या असतो आणि गाभाऱ्यासमोर गेलं की शंभूमहादेव महाराज होतो. आजोबा तर घाटात शिव्या पण द्यायचे देवाला, आणि वर गेल्यावर नाक घासायचे. थँक्यू दादा. वाईकर सर तुम्हालाही. ते ईश्वरशास्त्र ख्रिश्चनांचं वगैरे यावर कुणी सांगेल का अजून?

मिरज_जंक्शन

मी सांगतो, मी ख्रिस्ती, मिरजेचा, आजी मिशन हॉस्पिटलात नर्स होती, वानलेस साहेबांनी १८९४ ला सुरू केलेलं तेच. माझा एक भाऊ पुण्यात सेमिनरीत शिकला त्यामुळे घरात हा विषय असतो. तुमचे स्टाफरूमवाले सर अर्धे बरोबर आहेत. आपल्याकडं ईश्वरशास्त्राची रीतसर डिग्री म्हणजे बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) वगैरे बहुतेक सेमिनरीतच मिळते, पाळक व्हायचं असेल त्यांच्यासाठी, आणि त्यातल्या बऱ्याच सेमिनऱ्या बंगालमधल्या सेरामपूरला जोडलेल्या, त्या कॉलेजला डेन्मार्कच्या राजानं १८२७ ला डिग्री द्यायची सनद दिलेली. युनिव्हर्सिटीत धर्म-अभ्यासाचा स्वतंत्र विभाग फार थोड्या ठिकाणी, पटियालाला पंजाबी विद्यापीठात आहे. बाकी ठिकाणी हा विषय इतिहास, संस्कृत, मराठी, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान असा वाटून टाकलेला. म्हणून तर असल्या परिषदेत सगळे पाहुणे म्हणून येतात आणि यजमान कुणीच नसतं.

पण "तुझा काय संबंध" हे चूक. मराठीत ख्रिस्ती ईश्वरशास्त्र कुठून सुरू झालं? फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणापासून, १६१६ ला छापलं, आणि त्या इंग्रज माणसानं ते लिहिलं ओवीत! कारण इथल्या माणसाला देवाचं बोलणं ओवीतच कळतं हे त्याला समजलं होतं. आणि साताऱ्याचा तर थेट संबंध आहे, रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, पण तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो असं सांगायचे, अभंग लिहायचे, कीर्तनं करायचे. शेवटी मिशनची नोकरी सोडली आणि १९१७ ला साताऱ्यात देवाचा दरबार म्हणून काम सुरू केलं, बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळे चालतील असा. दोन वर्षांनी गेले. आज साताऱ्यात दहा माणसांना विचारलं तर नऊ जण म्हणतील टिळक म्हणजे लोकमान्य.

अजून एक, तुमच्या कावडीतलं अरे-तुरे. आमच्या चर्चमध्ये पण प्रार्थना "हे प्रभू, तू" अशीच असते, देवाला अहो कुणी म्हणत नाही. मराठीत आई आणि देव दोघांनाच बिनधास्त एकेरी चालतं. पण तुमच्या घाटातली एकेरी वेगळी दिसतेय, ती प्रार्थनेची नाही, ओझं उचलायला गड्याला हाक मारावी तशी आहे. देवाचंच ओझं आणि देवालाच हाक, ये आणि हात लाव म्हणून. हे ईश्वरशास्त्रच झालं की, फक्त लिहून ठेवलेलं नाही कुणी.

ताबूत_गल्ली

मी कडेगावचा, सांगली जिल्हा. आमच्या मोहरमचे उंच ताबूत सगळ्या महाराष्ट्राला माहीत हायत, हिंदू मुसलमान मिळून करतो, कळक बांधून, आधी कळस मग पाया असं वरनं खाली बांधत येतात. त्यामुळं आमच्याकडं अभ्यासवाले लय येतात. मला फक्त एकच सांगायचंय ताई.

काही वर्षांमागं एक जण आला, चांगला होता, आमच्या घरी जेवला, आमच्या म्हाताऱ्याला तीन दिवस बोलता केला, सगळं रेकॉर्ड केलं. पुन्हा फोन नाही. नंतर पोरानं नेटवर काढून दाखवलं, इंग्रजीत लेख, वडलांचा फोटो, खाली नाव पण चुकीचं, आणि पोरगा वाचून सांगतोय की लिहिलंय हे लोक दोन धर्मांची सरमिसळ करतात. आमचा म्हातारा म्हणला, सरमिसळ म्हंजे काय, भेसळ? मी काय दुधात पानी घातलंय व्हय? माझ्या आज्यानं ताबूत बांधला, बापानं बांधला, मी बांधला, ह्यात मिसळलं काय? तोवर म्हाताऱ्याला आपण काही विशेष करतोय असं वाटतच नव्हतं. तिथनं पुढं तो कुणाशी बोलायचाच बंद झाला.

म्हणून तुम्ही ज्यांच्यावर बोलणार त्यांना आधी वाचून दाखवा. मराठीतच वाचा. रेकॉर्डिंग केलं असंल तर त्याची एक कॉपी त्यांच्या मोबाईलवर टाका. आणि लोकांनी देवाला दिलेल्या शिव्या स्टेजवरनं सांगताना हॉलमदी लोक हसतील, ते हसणं गावाला कसं वाटंल ते बघा. शिव्या सांगू नका असं म्हणत नाही मी. कशा सांगायच्या ते ठरवा.

फलटण_ते_फिलाडेल्फिया

उशिरा वाचतोय, इकडं सकाळ आहे. मूळचा फलटणचा, त्यामुळे कावडी रस्त्यानं जाताना बघितल्यात, लहानपणी पाणी वाटायला उभं करायचे आम्हाला. बायको इथं धर्म-अभ्यासात शिकवते म्हणून तिकडचं थोडं सांगतो, कारण परिषदेच्या नावात ईश्वरशास्त्र आणि धर्म-अभ्यास हे दोन शब्द शेजारी का असतात त्याची एक मजेशीर गोष्ट इथं आहे.

इथली मोठी संघटना म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजन. १९०९ ला चार प्राध्यापकांनी सुरू केली ती बायबल शिकवणाऱ्यांची म्हणून, मग नाव झालं नॅशनल असोसिएशन ऑफ बिब्लिकल इन्स्ट्रक्टर्स, त्याची आद्याक्षरं जोडली की नबी! हिब्रूत पण नबी म्हणजे प्रेषित, आपल्याकडं उर्दूतून आलेला तोच शब्द. १९६० च्या दशकात मात्र त्यांनी ते नाव टाकून आत्ताचं घेतलं. त्याच सुमारास, १९६३ ला, इथल्या सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला. अ‍ॅबिंग्टन नावाच्या गावात (माझ्या घरापासून लांब नाही) सरकारी शाळेत रोज सकाळी बायबल वाचायचे, शेम्प नावाच्या कुटुंबानं केस घातली आणि जिंकली. कोर्ट म्हणालं शाळेत धर्म पाळायला लावायचा नाही, पण धर्माविषयी शिकवायला आमची हरकत नाही. झालं, त्या "विषयी" वर इथं सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये भराभर विभाग निघाले. आणि पाळक तयार करणारे ईश्वरशास्त्रवाले आणि हे नवीन "विषयी"वाले अजून त्याच संघटनेत एकत्र नांदतात, भांडतात पण नांदतात.

त्यांचे उत्तर अमेरिकेत दहा विभाग आहेत आणि प्रत्येकाची वेगळी विभागीय बैठक. बायको म्हणते वार्षिक अधिवेशन म्हणजे जत्रा, तिथं नोकरी शोधायला जातात, पण विद्यार्थ्यांचा पहिला पेपर बहुतेक विभागीय बैठकीतच होतो. खोलीत बारा माणसं, त्यातली चार ओळखीची. तेव्हा ताई, पहिला पेपर विभागीय परिषदेत हा काही कमीपणा नाही, सगळीकडं तसंच असतं. बाराशे भरून टाका. खुर्च्या उचलायचं मात्र इकडं ऐकलं नाही, पण दुपारी शेवटच्या सत्रात लोक विमान पकडायला उठतात, तेच ते.

वाईकर_निवृत्त

फलटणकर, छान सांगितलंत. आपल्याकडेही हेच "विषयी" आहे. घटनेच्या २८ व्या कलमानं पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, पण २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धर्मांविषयी शिकवायला ते कलम आड येत नाही. तरी विभाग काही निघाले नाहीत. का, ते मला अजून कळलेलं नाही. मला वाटतं आपल्याला धर्म इतका हाताशी आहे की तो शिकायचा विषय वाटतच नाही, पोहण्यासारखं.

आणि ते शेम्प कुटुंब युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या उदार ख्रिस्ती पंथाचं, होतं ना? मग आपल्याकडचे विठ्ठल रामजी शिंदे आठवले. जमखिंडीचे, म्हणजे मिरजेपासून जवळच, हल्ली कर्नाटकात. घर वारकरी, स्वतः प्रार्थना समाजात गेले, आणि युनिटेरियनांच्याच शिष्यवृत्तीवर १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तुलनात्मक धर्माचा अभ्यास केला. १९०३ ला अ‍ॅमस्टरडॅमला उदार धर्माची परिषद भरली, तिथं या मराठी माणसानं हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला. ताई, तुमच्याआधी सव्वाशे वर्षं आपल्याकडचा माणूस धर्म-परिषदेत पेपर वाचून आलाय. परत येऊन ते प्राध्यापक झाले नाहीत, १९०६ ला मुंबईत अस्पृश्य मानलेल्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. तुमच्या पेपरात त्यांचा एक प्रश्न जरूर घाला, म्हणजे तो प्रश्न त्यांच्या धर्तीचा: त्या साखळीत कोण असतं आणि कोण नसतं? बायका असतात का? कुठल्या आळीचे हात कुठपर्यंत लागतात?

माणदेशी_पोरगी

सर, बायका घाटाच्या खाली थांबतात किंवा दुसऱ्या वाटेनं वर जातात, निदान आमच्या गावच्या तरी, मी पण साखळीत कधी नव्हते. हे लिहिताना पहिल्यांदा जाणवलं की मी जे "कानानं ऐकलंय" ते खालून ऐकलंय. ते पण सांगते पेपरात. फी भरली.

माणदेशी_पोरगी

झाली परिषद! उशिरा सांगतेय, सॉरी, पेपर तपासणी चालू होती.

चहा_बिस्कीट दादा, पिशवी मिळाली, पाहुणे अकरा दहाला आले, उद्घाटन सव्वा वाजेपर्यंत. मसालेभात आणि जिलबी. माझं सत्र दुसऱ्या दिवशी दुपारी, पंधराची नऊ मिनिटं झाली, पण मी अकराचीच तयारी केली होती म्हणून वाचले. पीडीएफ नीट उघडली, माझ्या आधीच्या सरांचं सगळं किड्यांत गेलं बिचाऱ्यांचं.

ताबूत_गल्ली दादा, तुमचं ऐकून मी आदल्या रविवारी गावी जाऊन पारावर अख्खा पेपर वाचून दाखवला. पंधरावीस माणसं, दोन कुत्री. शिव्यांचं वाचलं तेव्हा सगळे गप्प, मला वाटलं संपलं आता, तर एक म्हातारे बाबा म्हणाले ही तर कमीच लिहिलीस, आणि अजून चार सांगितल्या. त्या मी पेपरात घातल्या नाहीत, वहीत आहेत. हॉलमध्ये शिवी एकच सांगितली, आजोबांची, आणि लगेच पुढं खांद्याची गोष्ट, त्यामुळे कुणी हसलं नाही.

प्रश्न दोन आले. एका सरांनी खरंच ढेऱ्यांचं नाव घेतलं, पीपीटीवाला दादा नमस्कार तुम्हाला, वाचून गेले होते. दुसरा एका सिस्टरनी विचारला, की देव आला असं घाटात लोकांना कधी वाटतं, कावड वर पोचल्यावर की चढताना? मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं विचारून सांगते. त्यांचा नंबर घेतलाय.

आणि वडील आले होते. न सांगता, एसटीनं, फेटा बांधून मागच्या रांगेत. बाहेर आल्यावर मी विचारलं कसं झालं, तर चहा संपेपर्यंत काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, बाकी ठीक हाय, पण त्या तिसऱ्या चित्रातली कावड आपली न्हाय, शेजारच्या गावची हाय, तिचा कापड बघ. आता तो फोटो बदलायचाय. आमच्या कावडीचा जरा जुना फोटो कुणाकडं असेल तर द्या, आमच्या घरातला २०१९ च्या पावसात भिजला.